घरचा सामना परदेशी गेला की कोणाला काय वाटतं?

प्रश्न असा आहे: "अमेरिकन फुटबॉलचे संघ नियमित मोसमातले सामने लंडन, म्युनिक, साओ पावलोला जाऊन खेळतात. त्यावर तिथल्या आणि अमेरिकेतल्या चाहत्यांना काय वाटतं? आणि लंडनला असा सामना बघायला खर्च करून जावं का?"

तिथल्यांना आनंद होतो. ज्या गावचा सामना गेला, त्या गावाला होत नाही. मी फ्लोरिडात जॅक्सनव्हिलला राहते. आमचा जग्वार्स संघ २०१३ पासून दरवर्षी लंडनला एक 'घरचा' सामना खेळतो, मध्ये फक्त २०२० चं कोविडचं वर्ष सुटलं. त्यामुळे एवढ्यावर थांबणं मला जमणार नाही.

आधी हिशेब बघा. बेसबॉलच्या संघाला वर्षाला ८१ घरचे सामने मिळतात, एखादा टोकियोला गेला तर कुणाच्या लक्षातही राहत नाही. आमच्याकडे २०२० पर्यंत प्रत्येक संघाला घरचे सामने होते ८. त्यातला एक लंडनला गेला की उरले ७. वर्षभर वाट बघायची आणि घरच्या मैदानावर सात रविवार मिळायचे. हे सगळं क्लबने आधीच उघडपणे जाहीर केलेलं होतं, कुणी आम्हाला फसवलं नाही. माझा राग क्लबवर नाहीच. माझा राग "एक सामना गेला तर काय बिघडतं" म्हणणाऱ्यांवर आहे, आणि त्यातला पहिला माझा धाकटा भाऊ. तो लंडनला हॅरोत राहतो.

आमच्या शेजारी नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. मी मनातल्या मनात त्यांना आजोबाच म्हणायचे. जग्वार्सचा पहिला मोसम १९९५ चा, तेव्हापासून त्यांच्याकडे दोन खुर्च्यांचं सीझन तिकीट होतं, एक त्यांची, एक बायकोची. ती गेल्यावर ती खुर्ची रिकामी बघवेना म्हणून २०१७ साली त्यांनी मला विचारलं. तोवर मला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. चार डावांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा, हे त्यांनीच मला पेपर नॅपकिनवर आकृत्या काढून शिकवलं. ते वर्षही असं लागलं की संघ थेट कॉन्फरन्सच्या (लीगच्या अर्ध्या भागाच्या) अंतिम सामन्यापर्यंत गेला. तिथे शेवटच्या क्वार्टरमध्ये २०-१० अशी आघाडी असताना न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी आम्हाला २४-२० हरवलं. आजोबा त्या दिवशी संध्याकाळी अंगणात एकटेच बसून होते.

त्यानंतर उतरणच लागली. २०२० चा पहिला सामना जिंकलो आणि पुढचे १५ ओळीने हरलो. २०२१ उजाडलं तरी तेच. २६ सप्टेंबरला आम्ही ॲरिझोना कार्डिनल्सविरुद्धच्या सामन्याला गेलो होतो. फ्लोरिडातलं सप्टेंबरचं ऊन डोक्यावर, खुर्ची अशी तापलेली की बसण्याआधी टॉवेल अंथरावा लागतो. पहिला अर्धा संपता संपता कार्डिनल्सनी ६८ यार्डांवरून फील्ड गोल (लाथ मारून चेंडू दोन खांबांच्या मधून घालवायचा) मारून बघितला, तो तोकडा पडला आणि आमच्या जमाल ॲग्न्यूने चेंडू पकडून १०९ यार्ड धाव घेतली. मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत! आजोबा ८१ वर्षांचे होते, ते खुर्चीवर चढायला निघाले, मी त्यांचा दंड धरून ठेवला. अख्खं स्टेडियम 'डुऽऽव्हाल' करून ओरडत होतं (डुव्हाल हा आमचा जिल्हा, तीच आमची आरोळी). एवढं होऊनही सामना ३१-१९ हरलो. पुढच्या दोन सामन्यांतही तेच, टायटन्सविरुद्धचा घरचा सामनाही आम्ही तिथेच बसून बघितला आणि हरलो. ओळीने २० पराभव झाले.

एकविसावा सामना होता १७ ऑक्टोबरला, मायामी डॉल्फिन्सविरुद्ध. कागदावर घरचा, प्रत्यक्षात लंडनच्या टॉटनहॅम हॉटस्पर स्टेडियमवर. तिकडची दुपारची अडीचची वेळ म्हणजे आमची सकाळची साडेनऊ. मी पोहे करून आजोबांच्या घरी घेऊन गेले. त्यांनी मोरपंखी जर्सी घातली होती, गळ्यात स्टेडियमचा जुना पास अडकवला होता, आणि बसले होते आपल्या दिवाणखान्यात. २०-२० बरोबरी झाली. शेवटच्या सेकंदाला, नुकताच संघात आलेला मॅथ्यू राइट ५३ यार्डांवरून फील्ड गोल मारायला उभा राहिला आणि चेंडू खांबांच्या मधून गेला. २३-२०. तेरा महिन्यांनी विजय!

आजोबांनी दोन टाळ्या वाजवल्या. मग म्हणाले, "मी तिथे असायला हवं होतं." बस, एवढंच.

आणि त्याच मिनिटाला माझा फोन वाजला. भाऊ स्टेडियममधून व्हिडिओ कॉल करत होता, घसा बसलेला, मागे गोंगाट. "ताई, जिंकलो! जिंकलो आपण!" अंगात पेट्रियट्सची जर्सी. मी म्हणाले, "आपण कोण? तू यातला एक तरी पराभव बघितलास का?" तो म्हणाला, "अगं, खेळ सगळ्यांचा असतो, तू एवढी काय चिडतेस?" मी फोन ठेवला. नंतर जवळजवळ दोन महिने आम्ही आईच्या मार्फतच बोलत होतो.

त्याचं म्हणणं मला ठाऊक आहे, त्याने ते दहा वेळा सांगितलंय. २००९ ला आयपीएल दक्षिण आफ्रिकेत गेली, तेव्हा आपण टीव्हीवर बघितलीच ना? अरे, पण तेव्हा सगळी स्पर्धाच गेली होती, निवडणुकांमुळे, आणि सगळ्यांचीच गेली होती. एकट्या गावाच्या पदरातून काढून दुसऱ्याला दिली नव्हती. आमचं आजोळ वाईजवळ बावधनचं. रंगपंचमीला तिथे भैरवनाथाचं बगाड निघतं, ते ओढायला बैल कुणाचे लावायचे यावरून वर्षभर चर्चा असते. उद्या कुणी म्हणालं की या वर्षी बगाड पुण्याच्या मैदानावर नेऊ, तिकडे माणसं जास्त येतील, जागाही मोठी आहे, तर माझा भाऊ पहिला आडवा येईल. लहानपणी एकदा पावसामुळे बगाड जरा लवकर आटोपलं म्हणून तो रात्री जेवला नव्हता.

शिवाय हाच माणूस टॉटनहॅम या लंडनच्या फुटबॉल क्लबचा कट्टर समर्थक आहे. २००८ साली इंग्लंडच्या प्रीमियर लीगने एक जादा फेरी परदेशात खेळवायचा बेत जाहीर केला होता, '३९वा सामना' म्हणून गाजला तो. त्यात कुणाचाही घरचा सामना जाणार नव्हता, नुसती एक फेरी वाढणार होती. तरी तिथल्या चाहत्यांनी असा काही विरोध केला की बेत गुंडाळावा लागला. तेव्हा मी पुण्याला होते, आणि भाऊ मला फोनवर तासभर सांगत होता की क्लब म्हणजे गावाचा असतो, सर्कस नव्हे. २०२५ मध्ये स्पेनच्या लीगने व्हिलारेआल–बार्सिलोना सामना मायामीला न्यायचं ठरवलं, तेव्हा खेळाडू सामने सुरू झाल्यावर १५ सेकंद जागचे हलले नाहीत, आणि शेवटी तोही बेत रद्द झाला. ती बातमी मी भावाला पाठवली. त्याने नुसता अंगठा पाठवला.

आता तिथल्या चाहत्यांबद्दल, कारण प्रश्न तोही आहे. लंडनला लोक बत्तीसही संघांच्या जर्सी घालून येतात. त्यांच्या दृष्टीने तो या खेळाचा सण असतो, कोण जिंकतंय याला दुसरं स्थान. जर्मनीत आवाज जास्त असतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये म्युनिकला टॅम्पा बे बकेनियर्स आणि सिॲटल सीहॉक्सचा सामना झाला, तेव्हा पन्नास वर्षांपूर्वीचं एक अमेरिकन गाणं अख्ख्या स्टेडियमने एका सुरात म्हटलं. बकेनियर्सच्या टॉम ब्रॅडीनेही नंतर त्या अनुभवाची मनापासून तारीफ केली. साओ पावलोला २०२४ मध्ये गंमत अशी की मैदान कॉरिंथियन्स या तिथल्या फुटबॉल क्लबचं, त्यांना हिरवा रंग नको, कारण तो त्यांच्या हाडवैऱ्याचा, पाल्मेरासचा, आणि आलेले ईगल्स आणि पॅकर्स दोन्ही हिरवे. डब्लिनला २०२५ मध्ये स्टीलर्स क्रोक पार्कवर खेळले, तिथे मात्र नातं जुनं आहे. त्यांच्या मालकांचं, रूनी घराण्याचं मूळ आयरिश, आणि डॅन रूनी तर अमेरिकेचे तिथले राजदूत होते. असा सामना मला समजतो.

इथल्या चाहत्यांचा अनुभव वेगळा. २००७ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवरचा असा पहिला सामना पावसात, चिखलात झाला. डॉल्फिन्सनी त्यासाठी घरचा सामना दिला आणि जायंट्सकडून १३-१० हरले. त्या मोसमात ते १६ पैकी फक्त १ जिंकले. बफेलो बिल्सनी तर २००८ ते २०१३ दरवर्षी एक घरचा सामना टोरांटोला नेला. डिसेंबरातली बफेलोची थंडी आणि बर्फ हीच त्यांची खरी ताकद, आणि सामना खेळायचा बंद छताखाली! सहापैकी एकच जिंकले. बफेलोच्या लोकांना तो प्रकार कधीच आवडला नाही, शेवटी बंद झाला.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर भाऊ म्हणेल ताई लपवते. जॅक्सनव्हिलची बाजारपेठ लहान आहे, मोठ्या कंपन्या कमी, आणि लंडनच्या सामन्याचं उत्पन्न संघाला इथे टिकवायला मदत करतं असं क्लब कायम सांगत आलाय. शाहिद खान यांनी संघ घेतल्यापासून 'आता हलवणार' अशी कुजबुज होती, पण २०२४ मध्ये शहराबरोबर स्टेडियमच्या नूतनीकरणाचा १.४ अब्ज डॉलरचा आणि ३० वर्षांचा करार झाला, संघ इथेच राहणार. लंडन नसतं तर हे झालं असतं का? कदाचित नसतं. २०२१ पासून सामने १७ झाले, त्यामुळे एक वर्षाआड घरचे ९ मिळतात आणि त्यातला एक गेला तरी ८ उरतात. ज्या वर्षी ८ च असतात, त्या वर्षी मात्र आमचे अजूनही ७.

आणि हेही खरं की लंडनच्या त्या विजयानंतर तीनच आठवड्यांनी आम्ही बिल्सना घरच्या मैदानावर ९-६ हरवलं, आजोबा माझ्या शेजारी होते, दोघं घसा बसेपर्यंत ओरडलो. भावाने लगेच मेसेज केला, "बघ, मिळाला ना तुलाही." नाही मिळाला. वीस पराभवांनंतरचा पहिला विजय एकदाच येतो, आणि तो ज्यांनी वीस पराभव उन्हात बसून सोसले, त्यांच्यासमोर यायला हवा होता.

तर लंडनला जावं का? युरोपात राहत असाल तर खुशाल जा, वातावरण सुंदर असतं. भारतातून एवढा खर्च करून निघणार असाल तर माझं ऐका, थेट त्या संघाच्या गावी या. सकाळपासून पार्किंगमध्ये शेगड्या पेटलेल्या असतात, अनोळखी माणूस हातात प्लेट देतो, आणि शेजारच्या खुर्चीवरचा माणूस तीस वर्षं तिथेच बसत आलेला असतो. हे लंडनला मिळणार नाही.

आजोबा २०२३ मध्ये मुलीकडे जॉर्जियाला राहायला गेले. दोन्ही खुर्च्यांचं तिकीट आता माझ्या नावावर आहे. दुसऱ्या खुर्चीसाठी मी भावाला तीनदा बोलावलंय. तो हे वाचेल, म्हणून इथे चौथ्यांदा लिहिते: डिसेंबरातल्या एखाद्या सामन्याला ये, तेव्हा ऊन कमी असतं. जर्सी मी देईन.