डिशची जागा: ड्रिल काढण्याआधी

ओंटारिओच्या गावाकडच्या भागात स्टारलिंक (उपग्रहांवरून मिळणारं इंटरनेट) घेताय, तर आधी टीव्हीच्या डिशचं गणित डोक्यातून काढा. तिचा उपग्रह एकाच जागी दिसतो. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किमीवरून सतत सरकत असतात, म्हणून आकाशाचा मोठा तुकडा मोकळा लागतो, तुमच्याकडे मुख्यतः उत्तरेचा.

- स्टारलिंकच्या ॲपमधली अडथळ्यांची तपासणी डिश जिथे बसणार तिथूनच करा. अंगणात उभं राहून छपराचा अंदाज बांधू नका.
- लगेच भोकं पाडू नका. एक-दोन दिवस डिश तात्पुरती ठेवा, आकाश कुठे झाकलं जातं ते दाखवणारा ॲपमधला अडथळ्यांचा नकाशा भरू द्या.
- खरा शत्रू झाडं. ‘एकच तर शेंडा आहे’ म्हणून लोक सोडून देतात आणि मग व्हिडिओ कॉल अडकत राहतो. जानेवारीतल्या बोडक्या मेपलवर तर मुळीच विश्वास ठेवू नका, मे महिन्यात त्याला पानं फुटतात!

बर्फाची फार चिंता नको, डिश गरम होऊन तो वितळवते. फक्त छपरावरून घसरलेला ढीग तिच्यावर पडणार नाही असं बघा. केबल राउटरपर्यंत पोचते का तेही मोजा. आणि जमिनीवरच आकाश मोकळं मिळत असेल तर छपरावर चढताय कशाला? उंच खांब वगैरे नंतर बघू.