कॅलिफोर्नियात आमची सिटी एडीयूचे (घराच्याच प्लॉटवरच्या दुसऱ्या छोट्या घराचे) नियम बदलतेय. मसुद्यात नेमकं काय तपासावं?

तुम्ही दिलेली माहिती अशी: बे एरियातलं लहान शहर, 50 बाय 120 फुटांचा प्लॉट, 2,400 चौ. फुटांचं घर, आणि आईवडिलांसाठी बॅकयार्डमध्ये वेगळं छोटं घर बांधायचा विचार. सिटीने एडीयूचा नवा मसुदा प्लॅनिंग कमिशनपुढे ठेवलाय. त्यात ‘प्लॉटवरचं एकूण बांधकाम 45 टक्क्यांच्या आत’ असं वाचून तुम्हाला वाटलं की आता फक्त 300 चौ. फूट उरले.

तसं नाही. 6,000 चे 45 टक्के 2,700, त्यातून घराचे 2,400 वजा, हा तुमचा हिशोब बरोबर आहे, पण तो इथे लागू होत नाही. एडीयू 800 चौ. फुटांपर्यंत असेल, बाजूला आणि मागे 4-4 फूट सोडले असतील आणि उंची 16 फुटांच्या आत असेल, तर सिटीला एफएआर (आपला एफएसआय), लॉट कव्हरेज (प्लॉटचा किती भाग बांधकामाने व्यापला), मोकळ्या जागेची अट किंवा पुढचा सेटबॅक (हद्दीपासून सोडायची जागा) यांपैकी काहीही आड आणता येत नाही. राज्याच्या गव्हर्न्मेंट कोडचं कलम 66321 बघा. हा अपवाद मसुद्यात स्पष्ट लिहिलेला नसेल, तर तुमची पहिली हरकत तीच.

मसुदा हातात आला की मी आधी कलमांचे आकडे बघतो. एसबी 477 या राज्याच्या कायद्याने मार्च 2024 मध्ये एडीयूचा सगळा कायदा 66310 ते 66342 या कलमांत हलवला. मसुद्यात अजून 65852.2 चा उल्लेख असेल, तर जुना मजकूर पुढे ओढलाय हे नक्की, आणि मग बाकीचंही जुनंच असण्याची शक्यता दाट. उदाहरणार्थ, ‘मालकाने तिथेच राहिलं पाहिजे’ ही अट. तिच्यावरची बंदी आधी तात्पुरती होती, एबी 976 या राज्याच्या कायद्याने ती 2024 पासून कायमची केली. त्यामुळे ‘2025 नंतर मालकाचा निवास आवश्यक’ असं वाक्य दिसलं तर ते काढायला सांगा.

सगळ्यात जास्त घोळ पार्किंगमध्ये होतो. सार्वजनिक वाहतूक अर्ध्या मैलाच्या चालण्याच्या अंतरात असेल, तर एडीयूसाठी पार्किंग मागता येत नाही. इथे वाहतूक म्हणजे ठरलेल्या मार्गावरच्या बसचा साधा थांबासुद्धा. बरेच मसुदे मात्र ‘मेजर ट्रान्झिट स्टॉप’ असा शब्द घालतात, म्हणजे रेल्वे स्टेशन किंवा वरचेवर बस येणारी ठिकाणंच धरतात. ती व्याख्या उंचीच्या नियमातली आहे, तिथे 16 ऐवजी 18 फूट मिळतात. पार्किंगच्या कलमात तिचं काम नाही. तसंच, एडीयूसाठी गराज पाडलं किंवा बदललं, तर गेलेल्या पार्किंगची भरपाई मागता येत नाही.

‘परिसराच्या स्वरूपाशी सुसंगत’ यासारखी वाक्यं शोधून काढा. नियम मोजता येणारा हवा. मंजुरी सिटीच्या ऑफिसातच, फक्त नियम तपासून होते, शेजाऱ्यांची सुनावणी लावता येत नाही, आणि पूर्ण अर्जावर 60 दिवसांत निर्णय झाला नाही तर तो मंजूर धरला जातो.

आता फी, कारण आराखडा इथेच ठरवावा. 750 चौ. फुटांच्या आत इम्पॅक्ट फी (नव्या बांधकामाचा सार्वजनिक सोयींवर पडणारा भार म्हणून घेतली जाणारी फी) शून्य. त्यापुढे मुख्य घराच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात, म्हणजे तुमच्या 800 ला 2,400 च्या तुलनेत एक तृतीयांश. मसुद्यात ‘प्रति युनिट’ असा सरसकट आकडा असेल तर तो चूक. शाळेची फी वेगळी, ती 500 चौ. फुटांच्या वर लागू शकते.

माझा सल्ला 20 बाय 40 ऐवजी 20 बाय 37 चा, म्हणजे 740 चौ. फूट. इम्पॅक्ट फी वाचते आणि दुसरा फायदा बांधकामात होतो. झोनिंग 4 फुटांवर भिंत बांधू देतं, पण बिल्डिंग कोडनुसार स्प्रिंकलर नसलेल्या घराची भिंत हद्दीपासून 5 फुटांच्या आत आली, की ती एक तास आग रोखणारी लागते, तिच्यातल्या खिडक्या-दारांवर भिंतीच्या 25 टक्क्यांची मर्यादा येते आणि छपराची पुढे आलेली कड 5 फुटांच्या आत असेल तर तीही खालून आगरोधक करावी लागते. 50 फुटांत 37 फुटांचं घर मधोमध ठेवलं तर दोन्ही बाजूंना साडेसहा फूट उरतात आणि हा खर्च टळतो. मागेही छपराची कड धरून 5 फूट सोडा. मुख्य घरात स्प्रिंकलर बंधनकारक नसतील, तर एडीयूत ते सक्तीचे करता येत नाहीत, तेही मसुद्यात तपासा.

हरकत बैठकीत बोलण्याआधी सिटीच्या प्लॅनरला लेखी पाठवा. नियमित बैठकीचा अजेंडा किमान 72 तास आधी लागतो, स्टाफ रिपोर्टही बहुधा त्याच सुमारास हाती येतो. पत्रात मसुद्याचं कलम, राज्याचं कलम आणि त्याजागी हवं असलेलं वाक्य, एवढंच लिहा. ‘आईवडिलांसाठी हवंय’ हे बैठकीत जरूर सांगा, ते कमिशनरांपर्यंत पोचतं. मजकूर मात्र कलमाच्या आकड्यानेच बदलतो. सिटी राज्याच्या किमान हक्कांपेक्षा जास्त देऊ शकते, तेही मागा: एबी 1033 खाली एडीयू वेगळं विकायची मुभा सॅन होजेने 2024 मध्ये दिली.

मंजूर ऑर्डिनन्स (सिटीचा कायदा) 60 दिवसांत राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे, एचसीडीकडे जातो. तुमच्या पत्राची प्रत त्यांनाही पाठवा. ऑर्डिनन्स राज्याच्या कायद्याशी विसंगत असेल तर तो रद्दबातल ठरतो आणि थेट राज्याचे नियम लागतात. म्हणून नव्या नियमांची वाट बघत बसू नका, अर्ज आजही करता येतो.

फक्त नकाशा काढायला देण्याआधी घराच्या टायटल रिपोर्टमध्ये ईझमेंट बघून घ्या. मागच्या कुंपणालगत सांडपाण्याच्या किंवा विजेच्या लाइनसाठी पट्टा राखलेला असेल, तर त्यावर बांधता येत नाही, आणि तिथे 4 फुटांचा नियमही कामाला येत नाही.