वाचकांचे प्रश्न : संत, अस्वल आणि सफरचंद

प्रश्न : म्युनिकला राहणाऱ्या माझ्या भाचीने एका बागेतील सफरचंदाच्या झाडाचे छायाचित्र पाठवले आहे. पाटीवरच्या जर्मन नावाचा अर्थ ‘कोर्बिनियानचे सफरचंद’ असा होतो, असे ती सांगते. जवळच्या फ्रायझिंगमध्ये तिने कोर्बिनियान याच नावाच्या संताचे, ओझे वाहणाऱ्या अस्वलासह काढलेले चित्रही पाहिले. हे फळ त्या धर्मप्रसारकानेच तिकडे नेले का?
— एक वाचक, वाशी

उत्तर : नाही, दोघांमध्ये सुमारे बाराशे वर्षांचे अंतर आहे. संत कोर्बिनियान आठव्या शतकात बव्हेरियात धर्मप्रसारासाठी आले आणि फ्रायझिंगचे पहिले बिशप मानले गेले. रोमच्या वाटेवर अस्वलाने त्यांचा ओझ्याचा घोडा मारला, तेव्हा त्यांनी घोड्यावरचे ओझे अस्वलाच्याच पाठीवर लादले, अशी आख्यायिका आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे पूर्वी म्युनिक-फ्रायझिंगचे आर्चबिशप असल्याने हे अस्वल त्यांच्या मानचिन्हातही होते.

सफरचंदाचे नाव मात्र कोर्बिनियान आयग्नर (१८८५–१९६६) या गावच्या पाद्र्यावरून पडले. त्याचे स्वतःचे नाव त्या संताचेच, एवढाच धागा. नोव्हेंबर १९३९ मध्ये हिटलरवर म्युनिकमध्ये हल्ल्याचा प्रयत्न झाला, तेव्हा धर्मशिक्षणाच्या तासाला आयग्नर यांनी त्या कृत्याला पाप म्हणावे का, अशी शंका बोलून दाखवली आणि त्यांना अटक झाली. १९४१ पासून ते दाखाऊच्या छळछावणीत होते. छावणीच्या शेतीवर राबताना, बराकींच्या मधल्या जागेत त्यांनी बियांपासून सफरचंदाची रोपे वाढवली आणि छळछावणीच्या जर्मन आद्याक्षरांवरून त्यांना केझेड-१ ते केझेड-४ असे क्रमांक दिले.

सफरचंदाच्या बीपासून आईसारखेच झाड उगवत नाही, म्हणून उगवलेले प्रत्येक रोप हे एक नवे वाण असते आणि पसंत पडलेले वाण कलम करूनच टिकवावे लागते. आपल्या हापूसचेही तसेच. (हापूसच्या नावामागेही अफोन्सो द आल्बुकर्क नावाचा पोर्तुगीज सेनानी सांगितला जातो. वाशीच्या फळबाजारात पेटी उचलताना तो कुणाला आठवत नाही, हे बरेच आहे.) त्या चारांपैकी केझेड-३ पुढे नावारूपाला आले आणि आयग्नर यांच्या जन्मशताब्दीला, १९८५ मध्ये, त्याला आजचे नाव मिळाले. सफरचंदे व नासपतींची त्यांनी काढलेली, पोस्टकार्डाएवढी सुमारे ९०० चित्रेही उरली आहेत. २०१२ मध्ये त्यांतली बरीच जर्मनीतील कासेलच्या डॉक्युमेंटा या कलाप्रदर्शनात मांडली होती.

भाचीला पाटी पुन्हा वाचायला सांगावे. नव्या नावाशेजारी पुष्कळदा तो जुना क्रमांकही लिहिलेला असतो.