दिवाण, दिवाणी आणि दिवाणा

प्रश्न असा आहे : "बैठकीच्या खोलीतल्या पलंगाला दिवाण म्हणणं बरोबर का? आणि दिवाणी कोर्टाचा 'दिवाणा'शी संबंध आहे म्हणतात, ते खरं का?"

दुसरा भाग आधी घेतो, कारण तो ऐकून कान किटले आहेत. संबंध नाही. अजिबात नाही. 'दावा माणसाला दिवाणा करतो म्हणून दिवाणी' ही व्युत्पत्ती मी लग्नाच्या पंगतीत ऐकली, भर व्याख्यानात ऐकली आणि एका वकिलाच्या तोंडूनही ऐकली. 'दिवाणा' आला फारसी 'दीव'वरून. दीव म्हणजे दैत्य. त्यानं झपाटलेला तो दिवाणा. आपला 'देव' हा त्या दीवाचाच सख्खा भाऊ, पण इराणात त्याचा दैत्य झाला. 'दिवाणी' ज्यावरून आलं तो 'दिवाण' या घराण्यातला नव्हे.

घोळ मात्र जुना आहे. अकराव्या शतकातला बगदादचा कायदेपंडित अल-मावर्दी सांगतो, की इराणच्या बादशहानं आपले कारकून स्वतःशी पुटपुटत हिशेब करताना पाहिले आणि त्यांना 'दिवाणे' म्हटलं. तेच कचेरीचं नाव पडलं. पुढे इब्न खल्दूननंही हीच गोष्ट सांगितली. एवढा चिकित्सक इतिहासकार, पण शब्दापाशी येऊन ऐकीव गोष्टीवर विसंबला! काही अरबी कोशकार तर 'दव्वना' म्हणजे नोंदणे या क्रियापदातून दिवाण काढतात. ही बापाची व्युत्पत्ती मुलावरून लावणं झालं. आधी दिवाण आला, मग त्यावरून क्रियापद घडलं.

दिवाण म्हणजे मुळात नोंदवही, आणि या वहीशिवाय सुरुवातीचं अरब साम्राज्य उभं राहिलंच नसतं. दुसरे खलिफा उमर यांच्या काळात (634 ते 644) सीरिया, इराक, इजिप्त एकापाठोपाठ एक हाती आले. पैसा एवढा येऊ लागला, की मोजायचा कसा हेच कळेना. नवव्या शतकातला इतिहासकार बलाधुरी लिहितो : प्रेषित मुहम्मदांचे सहकारी अबू हुरैरा बहरैनहून मदिनेत आले आणि पाच लाख दिरहम आणल्याचं म्हणाले. उमरना आकडा पटेना. "तुम्हाला झोप आलीय, घरी जा, सकाळी या," म्हणाले. सकाळीही आकडा तोच! तेव्हा कोणीतरी सुचवलं, की परकी राज्यं दिवाण ठेवतात, आपणही ठेवू. मग सैनिकांची कबिलेवार यादी झाली. प्रेषितांच्या बाजूनं बद्रच्या लढाईत लढलेल्यांना वर्षाला 5,000 दिरहम, प्रेषितांच्या पत्नी आयेशा यांना 12,000. क्रम प्रेषितांच्या नात्यानुसार, आणि उमरनी स्वतःचं घराणं वर चढवू दिलं नाही. बसरा, कूफा, फुस्तात या छावणीच्या शहरांतले शिपाई याच वहीवर पोसले जात.

शब्द इराणी, आणि इराकातली वसुलीची दफ्तरंही 697पर्यंत फारसीतच होती. खलिफा अब्द अल-मलिकच्या कारकिर्दीत सालिह नावाच्या कारकुनानं ती अरबीत आणली. तेव्हा त्याच्या इराणी वरिष्ठाचा मुलगा मर्दानशाह त्याला म्हणाला, "तू फारसीचं मूळ उपटलंस, देव तुझं मूळ उपटो." कचेरीची भाषा गेली की काय जातं, हे त्याला नेमकं कळलं होतं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. 'दिवाण'चं मूळ प्राचीन फारसी 'दिपि', म्हणजे लेख. 'दिपि' एलामी 'तुप्पि'वरून, ती अक्कादी 'तुप्पु'वरून, आणि तो सुमेरी 'दुब'वरून (या साऱ्या इराण-इराकातल्या प्राचीन भाषा) : मातीची पाटी! आणि हाच 'दिपि' आपल्याकडे 'लिपी' झाला. 'लिपी' लिप् धातूवरून, लिंपण्यावरून आली, असं आमचे संस्कृत पंडित अजूनही शिकवतात. त्यांनी अशोकाचा शाहबाजगढीचा शिलालेख पाहावा. तिथं 'दिपि' असंच कोरलं आहे; वायव्येबाहेरच्या लेखांत 'लिपि'. वायव्य सरहद्दीवर 'द', आत आल्यावर 'ल'. आणखी काय पुरावा हवा?

याच 'दिपि'चा आणखी एक वंशज म्हणजे 'दबीर', लेखनिक. तोच आपला डबीर, ज्या पदाचं 1674मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी शिवरायांनी 'सुमंत' केलं. म्हणजे लिपी, दिवाण आणि डबीर ही तिन्ही एका मातीच्या पाटीची लेकरं. डबीर आडनावाच्या वाचकांनी हे घरी जरूर सांगावं.

हां, पलंग राहिला. वहीवरून कचेरी, कचेरीवरून दरबाराची खोली, तिथल्या भिंतीलगतच्या गाद्यांच्या बैठकीवरून युरोपात 'दिवान' हे आसन, आणि इंग्रजीवाटे ते आपल्या बैठकीच्या खोलीत. शब्द तोच, रस्ता फक्त लांबचा. खुशाल म्हणा.