एक्सेल शीटमधलं बाळ

प्रश्न : लग्नाला सहा वर्षं झाली. मूल हवं की नको, यासाठी आम्ही एक्सेल शीट केली. खर्च, नोकरी, आईबाबांची वयं, सगळ्याला गुण दिले. बेरीज दर महिन्याला बदलते. असे निर्णय विचार करून घेता येतात का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : शीट वाया गेली असं मानू नका. चार्ल्स डार्विननं १८३८ च्या जुलैत लग्न करावं की नाही, याची अशीच यादी केली होती. एका बाजूला मुलं, म्हातारपणची सोबत. दुसऱ्या बाजूला वेळ जाणार, पुस्तकांना पैसे कमी पडणार. जानेवारीत एमाशी लग्न झालं. पुढं दहा मुलं. त्यातली ॲनी १८५१ मध्ये, दहाव्या वर्षी गेली. ते दुःख तो कुठल्या रकान्यात लिहिणार होता?

मला झोप फार प्यारी. मुलगी तीन आठवड्यांची असताना पहाटे साडेतीनला तिच्या मुठीत माझ्या गाऊनचं बटण होतं. मूठ सुटेल म्हणून मी हललेसुद्धा नाही. आधी झोपेला भरभरून गुण देणारी मी आणि ही मी, दोघी निराळ्या होतो. तुमची बेरीजही आजचे तुम्ही करताय.

पैसे, बाळंतपणाची रजा, रात्री कोण उठणार, हे मात्र शीटमध्येच ठरवा, आणि काटेकोर ठरवा. उरलेल्यासाठी एखाद्या रविवारी लॅपटॉप मिटून दोघं फिरायला जा. ‘नको’ असं मनापासून वाटलं, तर तेही पूर्ण उत्तर आहे. नातेवाइकांना त्याची कारणं देत बसू नका.