वाचकांचे प्रश्न : लेथची मोटर गुणगुणते, पण फिरत नाही

प्रश्न : माझ्याकडे लाकूड कातण्याचे एक जुने लेथयंत्र आहे. ते बनवणारा कारखाना केव्हाच बंद झाला आहे आणि त्याचे सुटे भाग आता कोठेही मिळत नाहीत. यंत्राला पट्ट्यावर चालणारी अर्ध्या अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर आहे. खरखर वाढल्यामुळे मी अलीकडेच मोटर उघडून तिची दोन्ही बेअरिंग बदलली. त्यानंतर काही दिवस ती नीट चालली, मग कधी सुरू होई तर कधी नुसती गुणगुणत राही. आता ती फक्त गुणगुणते, मात्र पुली हाताने फिरवून दिली की वेग घेते. पूर्वी मोटर थांबता थांबता आतून ‘टक्’ असा आवाज येत असे, तोही हल्ली ऐकू येत नाही. एक वाइंडर म्हणतो की मोटर पूर्ण भरून, म्हणजे आतली सगळी तार काढून नवी गुंडाळून, घ्यावी लागेल. माझे एक स्नेही म्हणतात की नवीच बसवावी. मी काय करावे?

उत्तर : ‘टक्’ असा आवाज येत नाही, हे आपण पत्रात जाता जाता लिहिले आहे, पण दोषाचा खरा माग तेथेच लागतो. सिंगल फेज मोटरीचे मुख्य वाइंडिंग (तारेची वेटोळी) एकटे असताना रोटरला, म्हणजे शाफ्टसह फिरणाऱ्या भागाला, फिरण्याची दिशा देऊ शकत नाही, म्हणून सुरुवातीच्या क्षणापुरते दुसरे, स्टार्टिंग वाइंडिंग कपॅसिटरमार्फत (विजेचा भार साठवणाऱ्या डबीमार्फत) जोडलेले असते. मोटरीने पूर्ण वेगाच्या सुमारे 75 टक्के वेग गाठला की शाफ्टवरील वजने बाहेर फेकली जातात आणि सेंट्रिफ्यूगल स्विच ते वाइंडिंग तोडतो. मोटर थांबताना स्प्रिंगा ती वजने परत ओढून घेतात, स्विच पुन्हा मिटतो, म्हणजे जोडला जातो, आणि तोच आपण ऐकत होता तो आवाज. तो येत नाही, याचा अर्थ बहुधा स्विच मिटत नाही. हाताने गती दिल्यावर मोटर चालते, म्हणजे मुख्य वाइंडिंग आणि रोटर शाबूत आहेत. अशा मोटरीचे वाइंडिंग तपासणी न करताच उपसून टाकणे मला मुळीच पटत नाही.

आधी एक कळकळीची विनंती करतो. पुली हाताने फिरवून मोटर सुरू करणे आजपासून बंद करावे. अशा अवस्थेतील मोटर ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला धावते. ती उलटी फिरली तर स्पिंडलवर (लेथच्या फिरत्या दांड्यावर) उजव्या आट्यांनी बसवलेली फेसप्लेट, म्हणजे लाकूड धरणारी तबकडी, सैल होऊन लाकडासकट निघू शकते. शिवाय जागच्या जागी गुणगुणणारी मोटर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह खेचते आणि काही क्षणांतच वाइंडिंग तापते.

आता तपासणीकडे वळू. प्लग काढून ठेवा, पट्टा उतरवा आणि शाफ्ट हाताने मोकळा फिरतो ना, ते पाहा. कपॅसिटर वीज तोडल्यावरही भारित असू शकतो, म्हणून त्याच्या दोन टोकांना जुन्या पद्धतीचा, तारेचा (फिलामेंटचा) दिवा लावलेला होल्डर काही सेकंद जोडून तो रिकामा करा. पेचकसाने टोके एकत्र करून ठिणगी पाडण्याची सवय वाईट आहे. मग मीटरवर त्याचे मायक्रोफॅरड (भार साठवण्याच्या क्षमतेचे माप) मोजा. कवच फुगलेले असेल, तेल पाझरले असेल किंवा आकडा वर छापलेल्या मर्यादेच्या खाली गेला असेल, तर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि तितक्याच किंवा अधिक व्होल्टचा स्टार्टिंग कपॅसिटर घ्यावा.

कपॅसिटर चांगला निघाला, आणि माझा कयास तसाच आहे, तर मोटर न उघडताच पुढील परीक्षा करता येते. कपॅसिटरच्या दोन्ही तारा सोडवून एकमेकींना जोडा, टर्मिनल बॉक्समध्ये स्टार्टिंग वाइंडिंगची टोके मुख्य वाइंडिंगपासून मोकळी करा आणि त्या टोकांमधला रोध मोजा. काही ओहम दाखवले तर मार्ग जुळलेला आहे. मीटर काहीच दाखवत नसेल तर शाफ्टचे टोक हाताने आत ढकला, मग बाहेर ओढा. एखाद्या स्थितीत आकडा उमटला आणि सोडताच गेला, तर वाइंडिंग अखंड आहे व फक्त स्विच मिटत नाही, असे खात्रीने म्हणता येईल.

याचे कारण आपण बेअरिंग बदलतानाच घडले असावे. या मोटरींत एका बेअरिंगच्या मागे लाटेसारखा वळलेला पातळ पोलादी वॉशर असतो. तो रोटरला हलकेच एका बाजूला दाबून ठेवतो, त्यामुळे मोटर थांबलेली असताना शाफ्टवरची कॉलर (वजनांबरोबर मागेपुढे सरकणारे कडे) स्विचच्या पट्टीवर नेमकी टेकते. हा वॉशर चुकून दुसऱ्या टोकाला बसला, जुन्या बेअरिंगला चिकटून गेला, किंवा नवे बेअरिंग शाफ्टवर पुरते बसले नाही, तर रोटर एक-दोन मिलिमीटर सरकतो आणि स्विच कधी मिटतो, कधी मिटत नाही. आधी काही दिवस मोटर नीट चालली, मग अडखळू लागली, हा क्रम याच्याशी तंतोतंत जुळतो.

पुन्हा उघडण्यापूर्वी दोन्ही झाकणांवर आणि सांगाड्यावर पंचने खुणा कराव्यात, एका बाजूला एक ठिपका व दुसऱ्या बाजूला दोन, आणि प्रत्येक तारेचे छायाचित्र घ्यावे. कॉलर बोटाने मागे ओढून सोडली की ती झटकन परतली पाहिजे. लेथजवळच्या मोटरीत बारीक भुसा ग्रीसमध्ये मिसळून गडद, चिकट लेप बनतो आणि तोही कॉलरला अडवतो. तो पूर्ण पुसून काढावा. स्विचचे काळवंडलेले संपर्कबिंदू अगदी बारीक पॉलिश पेपरने घासावेत. त्यावर तेलाचा थेंबही पडू देऊ नये. स्विच तुटला असेल तरी निराश होऊ नये. लेथ बनवणारे नसले तरी ही मोटर जगावेगळी नसते, आणि शाफ्टचा व्यास व जुन्या स्विचची मापे सांगितली तर असे स्विच स्वतंत्रपणे मिळतात.

जोडणी झाल्यावर मोटर पट्ट्याविना चालवून बंद करा आणि थांबताना ‘टक्’ ऐकू येतो का, याकडे कान द्या. चालू होताना घरघर टिकून राहिली तर स्विच सुटत नाही असे समजून ताबडतोब वीज तोडावी, कारण स्टार्टिंग वाइंडिंग आणि कपॅसिटर काही सेकंदांपुरतेच बनवलेले असतात.

वाइंडिंग भरून घेण्याचा निर्णय तेव्हाच घ्यावा, जेव्हा 500 व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्रावर) वाइंडिंग आणि सांगाडा यांच्यातला रोध 1 मेगाओहमपेक्षा खाली येतो व मोटर वाळवूनही सुधारत नाही, अथवा वेटोळ्यांवरचे वार्निश कोळसा होऊन गळू लागते. नवी मोटर घ्यायचीच झाली तर अश्वशक्तीइतकेच लक्ष वेगाकडे द्यावे. 50 हर्ट्झवर चार पोलची (चुंबकीय ध्रुवांची) मोटर मिनिटाला सुमारे 1,440 फेरे घेते. तिच्या जागी दोन पोलची, सुमारे 2,800 फेऱ्यांची मोटर बसवली तर लाकडाचा वेग जवळजवळ दुप्पट होतो, आणि मोठ्या वाडग्यासाठी ते जिवावर बेतू शकते. जुना शाफ्ट इंचातला, म्हणजे 5/8 इंचाचा (15.875 मिलिमीटर) असेल, तर नव्या मोटरीच्या 14 किंवा 19 मिलिमीटरच्या शाफ्टला पुली तशीच बसणार नाही, तिला बुश (भोक लहान करणारी नळी) घालावे लागेल किंवा भोक कातून मोठे करून घ्यावे लागेल. मोटर भुसा आत न जाणारी, पूर्ण बंद प्रकारची असावी. पट्टा चढवण्याआधी तिची दिशा पाहून घ्यावी: लाकडाचा वरचा भाग आपल्याकडे येत असेल तर ती बरोबर आहे, अन्यथा स्टार्टिंग वाइंडिंगची दोन टोके आपसात बदलावीत.