झाडं छाटण्या-तोडण्याची कामं स्वतः घ्यायची तर एकट्याने जमेल का? सोबतची माणसं कशी जोडायची?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की ठेकेदाराकडचं काम सोडून स्वतःची कामं घ्यायची आहेत. चेन सॉ आहे, चढायचं साहित्य आहे, फक्त माणसं नाहीत. आणि या धंद्यात लोक साथ देतात की एकमेकांचे पाय ओढतात, असंही विचारलंय.

आधी एकट्याचं बघू. जमिनीवर उभं राहून हातकरवतीने होणारी छाटणी, नव्या झाडांना आधार बांधणं, जागा बघून दर सांगणं, एवढं खुशाल एकट्याने करा. मशीन घेऊन झाडावर चढायचं काम एकट्याने करायचं नाही. खाली कुणीतरी उभं असणंही पुरत नाही. तुम्ही वर जखमी झालात तर त्या माणसाला चढून तुम्हाला खाली आणता आलं पाहिजे. म्हणजे दुसरा हार्नेस (चढताना अंगाला बांधायचा पट्ट्यांचा संच), दुसरा दोर आणि चढता येणारा दुसरा माणूस, हे तिन्ही झाडाच्या बुंध्यापाशी हवेत. गाडीत सगळ्यात खाली दाबून ठेवलेला हार्नेस नसल्यासारखाच. बेशुद्ध होऊन हार्नेसमध्ये लटकलेल्या माणसाच्या हाताशी फार मिनिटं नसतात.

म्हणून टोळी तिघांची धरा: एक वर, एक दोरावर, एक फांद्या ओढायला आणि रस्त्यावर लक्ष ठेवायला. दोघांतही कामं होतात, पण मग दोरावरचाच माणूस फांद्या ओढत चिपरकडे, म्हणजे फांद्यांचा चुरा करणाऱ्या यंत्राकडे, जातो आणि नेमका तेव्हाच वरून आवाज येतो.

नवशिक्यांना वाटतं की खरं कौशल्य वरच्या माणसाचं. माझ्या मते कामाचा दिवस बरा जातो की वाईट, हे दोरावरचा माणूस ठरवतो. ओल्या लाकडाचं वजन ढोबळपणे घनमीटरला टनभर धरा. ४० सेंटीमीटर जाडीचा, एक मीटर लांबीचा ओंडका म्हणजे साधारण १२५ किलो. तो खोडावरच्या पुलीच्या वरून सुटतो, थोडा पडतो आणि मग दोर ताणला जातो. त्याला जागच्या जागी अडवलं तर पुलीवर वजनाच्या कितीतरी पट झटका बसतो, खोड हलतं आणि त्याच खोडाला बांधलेला माणूस हेलपाटतो. म्हणून दोर धावू द्यायचा, मग हळूहळू आवळायचा. दोराला वेढे देऊन त्याचा वेग आवरायला बुंध्याला ड्रम बांधतात; त्यावर हलक्या फांदीला एक-दीड वेढा, जड ओंडक्याला तीन किंवा जास्त. वेढे जास्त झाले की झटका वर जातो, कमी झाले की दोर हातमोजे जाळत निघून जातो. दोर हाताला कधीच गुंडाळायचा नाही. जमिनीवर पडलेल्या दोराच्या फेऱ्यात पाय ठेवायचा नाही. उभं राहायचं ते बाजूला, पडणाऱ्या रेषेच्या बाहेर. हे सगळं डोकं शांत ठेवून दिवसभर करणारा माणूस मिळाला तर त्याला सोडू नका, दोन पैसे जास्त मागत असेल तरी.

बोलण्याची पद्धतही आधी ठरवून घ्या. वरचा विचारतो, "सोडू?" खालचा आजूबाजूला बघून म्हणतो, "सोड" किंवा "थांब". उत्तर आलं नाही तर ते 'थांब' समजायचं. मशीन चालू असताना दोघांच्या कानांवर आवाज अडवणारे मफ असतात, म्हणून हेल्मेटमधले रेडिओ घ्या. नवीन मशीन घेण्याआधी घ्या असं मी सांगेन. रेडिओ नसतील तर हाताच्या दोन-तीन खुणा ठरवा आणि वरच्याने कापण्याआधी खाली बघायचंच. "थांब" कुणीही म्हणू शकतो, आज पहिल्यांदा आलेला पोरगाही. तो म्हणाला की सगळे थांबतात आणि का ते नंतर विचारतात. त्याचं चुकलं म्हणून हसलात तर तो पुढच्या वेळी गप्प बसेल, आणि तीच वेळ खरी असेल.

जमिनीवरून झाड पाडताना उलट असतं, तिथे बुंध्याशी एकटाच माणूस हवा. बाकीचे झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर. त्यांचं काम शेंड्याकडे बघायचं, कारण खाली वाकलेल्याला शेंडा दिसत नाही. तुमचं-सोबत्याचं प्रमाण एकच असावं: पाडायच्या बाजूची खाच खोडाच्या पाव ते पाचव्या हिश्शाइतकी, मधे न कापता ठेवायची बिजागरी दहाव्या हिश्शाइतकी, मागचा काप खाचेच्या तळापेक्षा किंचित वर. ४० सेंटीमीटरच्या खोडाला खाच ८ ते १०, बिजागरी ४. पळायची वाट पडण्याच्या दिशेच्या मागे तिरकी, दोन्हीकडे, आणि आधीच मोकळी केलेली. सोबती पाचर ठोकायला आत येणार असेल तर चेन ब्रेक लागलेला पाहिजे. पाचर प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची, पोलादी नको, चेन लागली की दात जातात. एकीकडे खूप झुकलेलं झाड मागून सरळ कापत गेलात तर खोड उभं चिरतं आणि वर उसळतं. तिथे बारचं (चेन जिच्याभोवती फिरते त्या पट्टीचं) टोक खोडात घुसवून बिजागरी आधी तयार करायची, मागे थोडं लाकूड राखायचं आणि शेवटी तेवढंच तोडायचं. हे येत नसेल तर ज्याला येतं त्याला बोलवा. त्यात कमीपणा काही नाही, या धंद्यात सगळेच एकमेकांना बोलावतात.

पडताना दुसऱ्या झाडात अडकलेलं झाड हा भांडणाचा विषय. कुणीतरी म्हणतंच, "ज्यात अडकलंय तेच कापू." नाही. त्याच्या खाली जायचं नाही, आधाराचं झाड तोडायचं नाही. जागा अडवून ठेवा आणि विंच (तारेने ओढायचं यंत्र) आणा, भले ती दुसऱ्याची असो आणि यायला उद्या उजाडो.

आता उसनवारी. पाचरी, विंच, जादा मशीन हे बिनधास्त द्या-घ्या. चढायचा दोर, हार्नेस, कॅराबिनर (दोर अडकवायची कडी) मात्र देऊही नका, घेऊही नका. दोरावरून गाडी गेली होती का, त्याने एकदा ओंडका ओढला होता का, त्यावर बॅटरीचं ॲसिड सांडलं होतं का, हे वरून दिसत नाही. नाही म्हणाल्याने कुणाला राग येत नाही, सगळ्यांचा हाच नियम आहे. ओंडके उतरवायचे दोर वेगळ्या रंगाचे ठेवा म्हणजे घाईत अदलाबदल होत नाही.

मशीन उसनं घेतलं की सर्वांत जास्त घोटाळा इंधनाचा. हल्लीच्या बहुतेक टू-स्ट्रोक मशीनना ५०:१, म्हणजे ५ लिटर पेट्रोलमध्ये १०० मिली ऑइल. काही जुन्यांना २५:१ लागतं. दुसऱ्याच्या कॅनमध्ये साधं पेट्रोल असेल आणि ते तुम्ही भरलंत, तर थोड्याच वेळात पिस्टनला ओरखडे पडून मशीन जाम होतं. कॅनवर रंगीत पट्टी लावा आणि मिश्रणाची तारीख मार्करने लिहा. मिश्रण जुनं झालं की मशीन नीट चालू होत नाही आणि मग सकाळभर एकजण नुसती दोरी ओढत बसतो.

परत करताना धार लावूनच द्यायची. चेनने माती किंवा दगड चाटला तर ज्याच्या हातात मशीन होतं त्याने बसायचं. कानस चेनच्या मापाची हवी: ०.३२५ इंचीला ४.८ मिलिमीटर, ३/८ इंची लो प्रोफाइलला ४ मिलिमीटर. दातावर जी रेघ असते तिच्याशी समांतर, साधारण ३० अंशांत, आतून बाहेर दोन-तीन घास, आणि दोन्ही बाजूंच्या दातांना तितकेच. एका बाजूचे दात लांब राहिले की काप वाकडा जातो. ढलप्यांऐवजी पीठ पडायला लागलं तर धार गेलीय असं समजा. बोथट चेनला माणूस जोर लावतो, आणि बारच्या टोकाचा वरचा भाग कशाला लागला तर मशीन उसळून तोंडाकडे येतं.

पैशांचं बोलणं काम धरण्याआधी. रोजावर की उक्तं? रोज असेल तर चढणाऱ्याचा किती, खालच्याचा किती. उक्तं असेल तर दुपारीच संपलं तरी ठरलेले पैसे, आणि दोन दिवस लांबलं तरी तेवढेच. ज्याने गिऱ्हाईक आणलं, परवानगी काढली आणि नुकसानीची जोखीम घेतली त्याचा वाटा जास्त, यात वाद नसावा. लाकूड कुणी न्यायचं, ढलप्या कुठे टाकायच्या, कौल फुटलं तर भरपाई कोण देणार, पाऊस-वाऱ्याने काम रद्द झालं तर कुणी किती वाजेपर्यंत कळवायचं, हे चार मुद्दे मेसेजवर लिहून पाठवा. तोंडी ठरलेलं संध्याकाळी दमलेल्या माणसाला वेगळं आठवतं.

पैशांऐवजी हाताला हात, म्हणजे सावड, हाही प्रकार चालतो आणि चांगला चालतो. पण चढायचा दिवस आणि फांद्या ओढायचा दिवस सारखे धरू नका. वहीत लिहा आणि महिन्याला मिटवा. वर्षभर साचलेली सावड मैत्री खाते.

दुसऱ्याच्या कामावर गेलात की त्याच्या गिऱ्हाइकाला आपला नंबर द्यायचा नाही. शेजारच्याने कुंपणावरून विचारलं तरी बोट मालकाकडे दाखवायचं. हे पाळलंत तर पाय ओढण्याचा तुमचा प्रश्नच उरणार नाही. बाकी चेष्टामस्करी भरपूर चालते, फक्त कुणी वर असताना नाही आणि चिपर चालू असताना नाही. चिपरजवळ सैल हातमोजे, सैल दोर काही नको. फांदी बुडख्याकडून घालायची आणि बाजूला सरकायचं. दोराचं टोक फांदीबरोबर आत गेलं तर ज्याच्या अंगाभोवती तो दोर असेल तोही ओढला जातो.

रानात विरळणीची कामं करणारे बरेचदा दोघेच असतात, तेही एकमेकांपासून लांब, फोनला रेंज नाही. तिथे वेळ ठरवून घ्या: दर तासाला मशीन बंद करून हाक किंवा रेडिओ. उत्तर आलं नाही तर लगेच चालत जायचं. घरच्या किंवा टोळीतल्या एकाला संध्याकाळची वेळ सांगून ठेवायची, त्या वेळेपर्यंत फोन आला नाही तर तो शोधायला निघतो. जागेचे अक्षांश-रेखांश आणि रुग्णवाहिका कुठपर्यंत येऊ शकते हे कागदावर लिहून दोघांच्या खिशात. रक्त थांबवायची मोठी पट्टी आणि टुर्निके (हात-पाय आवळून रक्त थांबवायचा पट्टा) प्रत्येकाच्या अंगावर, गाडीतल्या पेटीत नव्हे. सोबत्याचा कुठल्या खिशात आहे हे तुम्हाला बघितल्याशिवाय सांगता आलं पाहिजे.

माणसं शोधायची तर तीन-चार वेगवेगळ्या चढणाऱ्यांकडे आधी खालचा माणूस म्हणून जा, रोजावर. कोण दोर रोज तपासतो, कोण "थांब" ऐकतो, कोण संध्याकाळी पैसे देतो, हे महिन्याभरात कळतं, आणि त्यांनाही तुम्ही कळता. पहिल्या दिवशी स्वतःचं हेल्मेट, संरक्षक पँट आणि कानस घेऊन जा. हार्नेस गाडीत असू द्या. कुणी विचारलं तर काढा.